शिक्षा माझी, पाठ त्याची

श्रीधर उपदेशकांना मातीत ठेवून माणसं परतली आणि त्याच संध्याकाळी, शेजारून आलेली खिचडी चुलीवर गरम होत असताना, अक्कानं ठरवून टाकलं की मंदार उपदेशक होणार. मंदारला कुणी विचारलं नाही. तो अंगणात बापाची सायकल पुसत बसला होता. त्याची बायको मुक्ता ताटं मांडत होती. तिला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं, सकाळपर्यंत विसरेल. पण सासू विसरणाऱ्यातली नव्हती. लग्नात कुणी आहेर दिला नाही त्यांची नावंसुद्धा अक्काच्या ध्यानात होती, दिला त्यांची नसतील एक वेळ.

घर मिशनचं होतं. उज्जैनहून आगरच्या रस्त्यावर इमलीखेडी, आणि गाव संपतं तिथं मिशनचा कंपाउंड. त्यात चर्च, सेवक तयार करायची शाळा, पायऱ्यांची विहीर, थोडी गव्हाची जमीन आणि चिंचेखाली हे दोन खोल्यांचं क्वार्टर. क्वार्टर उपदेशकाचं. तो गेला की पुढच्याचं. घरातला कुणी शाळेची दोन वर्षं काढून पास झाला तर तोच पुढचा. नाही झाला तर चूल उचलायची. अक्काचे सासरे मिशनच्या लोकांबरोबर नगरकडून इकडं आले तेव्हापासून ह्या घरात दुसऱ्या कुणाचं पीठ मळलं गेलं नव्हतं.

मंदार देवास गेटजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात होता. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याची रेलिंग. हात इतका साफ की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही कळू नये. तोंड मात्र मिटलेलं. ठिणग्यांशी माणूस बोलणार तरी काय. अक्का एक दिवस टेंपोत बसून स्वतः दुकानात गेली आणि मालकाला सांगून आली की आमच्यात आता लोखंड नाही. मंदारनं काळा चष्मा खुंटीला अडकवला आणि आईच्या मागं निघाला. दुकानातल्या पोरांनी त्याला त्या दिवसापासून पादरीबाबा म्हणायला सुरुवात केली.

मुक्ताचे वडील रेल्वेत होते. ती इथंच हिंदी शाळेत बारावीपर्यंत शिकली होती आणि तिच्या मनात फार दिवस एक गोष्ट होती. कुणी आजारी पडलं की त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायला तिला जमायचं. बायका तिला बोलवायच्या. तिनं एकदाच, भाकरी थापताना, पाठमोऱ्या सासूला विचारलं होतं की अक्का, शाळा मी केली तर चालेल का.

अक्का म्हणाली, "बायको व्यासपीठावर आणि नवरा बाकावर. मग त्याला लुगडं पण नेसव."

ती गोष्ट तिथंच तव्यावर करपली.

शाळेची रीत अशी होती की सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, शिकायचं आणि दुपारनंतर हातानं काम करायचं. शाळेचे मुख्य लकडासाहेब झारखंडकडचे, काळेसावळे, हळू बोलणारे. ते म्हणत, सेवकाला आधी पाठीचा कणा हवा, जीभ नंतर. दुसऱ्या वर्षी होळीलाच विहिरीनं तळ दाखवला. लकडासाहेबांनी पोरांना गाळ काढायला उतरवलं. वर्गात भिंतीला टेकून पेंगणारा मंदार तिथं जागा व्हायचा. कोणता दगड आधी हलवला म्हणजे कोणता सुटेल, ते त्याला बघूनच कळायचं. चिखलानं माखून घरी यायचा आणि दोन भाकऱ्या जास्त खायचा. मुक्ता मनात म्हणायची, ह्या माणसाला देवानं हात दिलेत आणि आईनं जीभ मागितली.

शेवटची परीक्षा म्हणजे चर्चमध्ये उभं राहून संदेश सांगायचा. इंदूरहून परीक्षक यायचे, गावातली मंडळीही बसायची. मंदारला विषय आला शुभ शुक्रवारचा, प्रभूच्या मरणाचा. ते ऐकून अक्कानं दोन्ही हात जोडले. श्रीधर उपदेशक दर शुभ शुक्रवारी एकच संदेश सांगायचे आणि तो अक्काला शब्दन्‌शब्द येत होता. अक्षर लावून वाचताना तिला घाम फुटे, पण ऐकलेलं तिच्या डोक्यातून पुसलं जात नसे. कंपाउंडात नगरकडची घरं होती तेव्हा उपासना मराठीत चालायची. त्या संदेशात तीनदा एक ओळ यायची, 'शिक्षा माझी, पाठ त्याची', म्हणजे फटके माझ्या नावाचे आणि पाठ प्रभूची. तिसऱ्यांदा ती ओळ आली की बायका पदर डोळ्यांना लावत. मग ती घरं एक एक करत पुण्याला, इंदूरला गेली. उरलेली मंडळी हिंदीतली.

"हिंदीचं काय एवढं," अक्का म्हणाली. "का-की-है लावलं की झाली हिंदी."

गहू कापणीला आला होता. मिशनच्या जमिनीतला निम्मा वाटा ह्या घराचा होता आणि उन्हानं ओंब्या तडकायला लागल्या होत्या. तिघं पहाटेच विळे घेऊन वावरात उतरत. मध्ये मंदार, एका अंगाला अक्का, दुसऱ्या अंगाला मुक्ता. अक्का मूठ धरायची, विळा ओढायची आणि एक ओळ म्हणायची. मंदार ती ओळ का-की-है लावून परत म्हणायचा. कुसळं गळ्यात शिरत होती, नाकात भुसा. अक्काच्या बोटाला विळा लागला तर तिनं ते तोंडात घालून चोखलं आणि पुढची ओळ तशीच, बोट तोंडात ठेवून सांगितली.

"शिक्षा मेरी, पाठ उसकी," मंदार म्हणाला.

मुक्ताचा विळा थांबला. तिला आधी हसू आलं, मग चर्चमधले बाक डोळ्यांपुढं आले. ती म्हणाली, "अक्का, हे हिंदीत चालणार नाही. शिक्षा म्हणजे तिकडं शिक्षण. आणि पाठ म्हणजे धडा. ऐकणाऱ्याला वाटेल, शिकलो मी आणि धडा त्याचा."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं मी ह्याच बाजारात भाजी घेते."

"मग तुम्हाला माहीतच आहे. दंड म्हणावं. दंड मेरा, पीठ उसकी."

"दंड चौकातला शिपाई घेतो. नाहीतर पहिलवान मारतात." अक्कानं कापलेली मूठ बाजूला टाकली. "आणि पीठ चक्कीवर मिळतं. प्रभू मेला त्या दिवशी माझा मुलगा लोकांना पीठ सांगणार? बाजारातली भाषा बाजारात. चर्चमध्ये शास्त्राचे शब्द. ह्याच्या बापानं हेच शब्द सांगितले आणि लोक रडले."

"ते लोक मराठी होते, अक्का."

"रडणं हिंदीत वेगळं असतं का गं?"

मुक्तानं मंदारकडं पाहिलं. तो खाली वाकून कापत होता, मान वर न करता. तिनं विचारलं, "अहो, तुम्ही सांगा. दुकानात कुणी शिक्षा म्हटलं तर तुम्हाला काय कळतं?"

मंदारनं गव्हाची पेंढी बांधली, गुडघ्यानं दाबली, आळा आवळला. मग म्हणाला, "अक्का म्हणते तेच ठेवू."

परीक्षेच्या दिवशी चर्चमधले पंखे गरम हवा ढवळत होते. अक्का खळ घातलेलं पांढरं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली. मुक्ता तिच्या शेजारी. मंदारनं बापाचा कोट घातला होता. श्रीधर उपदेशक बुटके होते, त्यामुळं बाह्या मनगटाच्या वर राहिल्या आणि वेल्डिंगचे जुने डाग उघडे पडले, भाजलेल्या दाण्यांसारखे. तो एका हातानं दुसऱ्या हातावरचे डाग झाकत उभा राहिला.

सुरुवात बरी झाली. आवाज बापाचाच होता. मागच्या बाकावरची एक म्हातारी मान डोलवायला लागली. अक्काचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, आवाज न करता, एक शब्द पुढं. मग ती ओळ आली आणि मंदार थांबला.

त्यानं मुक्ताकडं पाहिलं. मुक्तानं ओठांनीच शब्द केला, दंड. त्याला तो कळला, ह्यात तिला शंका नव्हती. त्याची नजर तिच्यावरून सरकली आणि आईच्या ओठांवर गेली.

"शिक्षा मेरी," तो म्हणाला, "पाठ उसकी."

परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांना वाटलं, पुढं काही उलगडा होईल. मंदार पुढं सांगत गेला की हमारी शिक्षा उसने भोगी, और चुपचाप भोगी. बाकांच्या मधून कुणीतरी खोकला दाबल्यासारखं केलं. ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा शाळेतली पोरं खाली मान घालून थरथरत होती. परीक्षकांतले एक जाडे गृहस्थ चष्मा पुसत होते. ते शेजारच्याला म्हणाले, पण पंखा नेमका हळू फिरत होता आणि सगळ्यांना ऐकू गेलं, "और परीक्षा किसकी, भाई?"

चर्च हसलं. वाईट मनानं नाही. उन्हात बसलेली माणसं हसतात तसं, सुटका झाल्यासारखं. ती मान डोलवणारी म्हातारीसुद्धा हसली.

अक्का उठून उभी राहिली. खळीचं लुगडं कडकड वाजलं. ती म्हणाली, "हसता काय? उपदेशकजी यही बोलते थे और लोग रोते थे."

हसणं मध्येच तुटलं. लकडासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मुक्तानं सासूचा पदर ओढून तिला खाली बसवलं. मंदार अजून उभाच होता. संदेशात ती ओळ तीनदा होती आणि त्यानं ती तिसऱ्यांदा म्हटली, सपाट आवाजात, गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी. आमेन म्हटलं. कोटाच्या बाह्या ओढल्या आणि दारातून बाहेर गेला.

आठवडा उलटायच्या आत लकडासाहेब क्वार्टरवर आले. आत बसले नाहीत, चिंचेखाली खाट टाकायला लावली. मुक्तानं पाणी दिलं. ते अक्काशी हिंदीत बोलले, शब्द जपून. म्हणाले, शब्दाचं काही नाही माई, शब्द चुकतात, माझी हिंदी ऐकून इथले लोक अजून हसतात. मी मंदारला नंतर बोलावलं आणि विचारलं, तुला हे काम हवंय का. तो बसून राहिला. मी पुष्कळ वेळ थांबलो.

"दो साल में ये लडका अपने मुँह से कुछ बोला ही नहीं, माई," ते म्हणाले. "जो बोलीं, आप बोलीं."

अक्का म्हणाली की पुढच्या वर्षी पुन्हा बसवा. ते म्हणाले, बसू दे, पण क्वार्टर तोवर अडवून ठेवता येणार नाही, झाबुआकडचा भूरिया पास झालाय, त्याला बायको आहे. मग त्यांनी मुक्ताकडं पाहिलं. जबलपूरला बायकांचा कोर्स आहे, राहायची सोय आहे, इथले लोक हिला बोलावतात ते मला माहीत आहे. बहू को भेजिए. ती शिकून आली तर तिची नेमणूक होईल, आणि घरही.

मुक्ताच्या हातात रिकामा तांब्या होता. तो तिनं दोन्ही हातांनी धरला.

"आमच्या घरात उपदेशक पुरुष असतो," अक्का म्हणाली. तिनं हे हिंदीत म्हणायचीही तसदी घेतली नाही.

लकडासाहेबांना कळलं. ते उठले, चिंचेकडं वर बघून म्हणाले की यंदा फळ कमी आहे, आणि गेले. मुक्तानं तांब्या घासला. तो स्वच्छच होता, तरी राख घेऊन पुन्हा घासला.

मंदारला आता विहिरीवर जायची गरज नव्हती. तरी तो जायचा. पुनरुत्थानाच्या सणाला बाकीची पोरं आपापल्या गावी गेली, पण हा एकटा पायऱ्या उतरून गाळ काढत राहिला. पोरं होती तेव्हा गाळ तगारीत भरून डोक्यावरून आणत. मंदार पोत्यात भरायचा आणि ओलं पोतं पाठीवर घ्यायचा. पोत्यात दगड असत, ते हाडांवर घासत. मुक्तानं त्याला सांगितलं, तगारी घ्या, चुंबळ देते करून. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं. कंपाउंडच्या भिंतीवर बसून गावातली पोरं ओरडायची, पाठ उसकी, पाठ उसकी, आणि पळून जायची. ह्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलायची नाही. वर येऊन तो पोतं पालथं करायचा, झटकायचा, पुन्हा उतरायचा. घरात त्यानं बोलणं सोडलं. आधी कमी बोलायचा, आता मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घ्यायचा.

एका संध्याकाळी शर्ट अंगावरून निघेना. पाठीला चिकटला होता. अक्कानं त्याला पाटावर बसवलं, कोमट पाण्यानं कापड भिजवत भिजवत सोडवलं. मुक्ता दिवा धरून उभी होती. खांद्यांपासून कमरेपर्यंत कातडं सोलवटलं होतं. कुठं खपली, कुठं ओलं, कुठं विहिरीची काळी माती आतच बसलेली. अक्कानं तेलात हळद कालवली आणि बोटांनी लावायला लागली. हात कामात गुंतले की अक्काचे ओठ आपोआप हलत, ही तिची जुनी सवय. भाजी चिरताना, गोधडी शिवताना ती काहीतरी पुटपुटायची. आताही हलले.

"शिक्षा मा..."

बोट तिथंच थांबलं, पाठीवर. चिंचेवर कावळे बसायला आले होते, त्यांची भांडणं चालली होती.

"तेल किती तापवलंस," अक्का मुक्तावर ओरडली. "पोराला भाजतंय ते दिसत नाही?"

तेल कोमटच होतं. मुक्तानं वाटी उचलून आत नेली आणि थोड्या वेळानं तीच वाटी तशीच परत आणली. अक्कानं त्यात बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाली, आता ठीक आहे.

उन्हाळा ऐन भरात असताना सामान टेंपोत चढलं. माणसांपेक्षा सामान लाजतं, असं मुक्ताला वाटलं. घरात बरं दिसणारं कपाट उन्हात आलं तर त्याचा एक पाय विटेवर होता हे सगळ्या कंपाउंडला दिसलं. भूरिया आणि त्याची बायको आधीच येऊन चर्चच्या पायरीवर बसले होते, घाई दिसू नये म्हणून दुसरीकडं बघत. भूरिया चांगला पोरगा. त्यानं खाट उचलायला हात लावला. मग भीत भीत मंदारला विचारलं की हे गेट एका बिजागरीवर लोंबतंय, आत जनावरं येतील, कुणी वेल्डिंगवाला माहीत आहे का.

ते गेट श्रीधर उपदेशकांच्या वेळेपासून लोंबत होतं. घरात वेल्डिंगवाला असून लोंबत होतं, कारण अक्का म्हणायची, मुलानं घरी तरी ते काळं काम करू नये.

मंदार सायकल घेऊन निघाला. देवास गेटहून जुन्या मालकाच्या रिक्षात मशीन टाकून आणलं, चर्चमधून तार ओढली, गेट दगडावर टेकवलं. चष्मा आणायचा राहिला होता. मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून त्यानं बिजागरी जोडली. ठिणग्या फुफाट्यात पडत होत्या आणि विझत होत्या. अक्का टेंपोत पुढं, चालकाशेजारी बसली होती. मांडीवर नवऱ्याचं शास्त्र, फडक्यात बांधलेलं. गेट तिच्या समोरच होतं. चालक म्हणाला, माँजी, उधर मत देखो, आँख खराब होगी. तिनं तोंड फिरवलं नाही.

जोड थंड झाल्यावर मंदारनं गेट लावून बघितलं. आवाज न करता मिटलं. मग ते पुन्हा उघडलं आणि टेंपो बाहेर निघाला.

उज्जैनात माधव नगरच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली, जिन्याखालून जायची. नळ बाहेर, सगळ्यांचा. दुकानात मंदारच्या जागी दुसरा आला होता, म्हणून मालक काम जास्त असेल तेव्हाच बोलवायचा. बाकीच्या वेळी तो खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा. पाठीवर खपल्या धरल्या होत्या, टेकता येत नव्हतं. सरळ बसायचा, फोटो काढायला बसल्यासारखा.

घरमालकीण बोलकी बाई होती. वर्षाचा गहू आला होता, तो ती जिन्याच्या तोंडाशी चादर पसरून निवडत होती. अक्काला रिकामं बसवेना. तिनं सूप ओढून घेतलं आणि पाखडायला लागली. मुक्ता नळाला हंडा लावून पाण्याची वाट बघत उभी होती. घरमालकीण खडे वेचता वेचता मंदारकडं बघायची. शेवटी तिच्यानं राहवलं नाही. आवाज खाली करून, पण मुक्ताला ऐकू येईल असा, तिनं विचारलं, "माँजी, लडका आपका सीधा है, कुछ बोलता ही नहीं. इसकी शिक्षा कहाँ हुई?"

सूप एकदा वर गेलं. भुसा उडाला, दाणे परत खाली आले.

"घर में ही हुई," अक्का म्हणाली.

मंदारनं मान वळवली नाही. घरमालकीण म्हणाली, अच्छा, घर में, आणि तिला ते काही फारसं चांगलं वाटलं नसावं, कारण ती लगेच मुक्ताकडं वळली. "और बहू की?"

नळाला एकदम पाणी आलं आणि हंड्याच्या बुडावर आपटायला लागलं. अक्कानं सूप मांडीवर टेकवलं. सुनेकडं पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, लग्नाआधी बघायला आली होती तेव्हा पाहिलं होतं तसं.

"इसकी अभी बाकी है," ती म्हणाली.

आणि पुन्हा पाखडायला लागली. हंडा भरला, वाहायला लागला, पाणी मुक्ताच्या पायांवरून गल्लीत गेलं. घरमालकीण ओरडली की पानी बंद करो बहू. मुक्ता नळावर हात ठेवून तशीच उभी होती. अक्कानं हे कोणत्या भाषेत सांगितलं, ते तिला कळेना.